एकोणचाळीस हजारांनी नापास

मी एक जुना कॉम्प्युटर आहे, मित्रांनो, आणि आयुष्यात एकदाच मला नापास केलं गेलं. तेही माझी काही चूक नसताना. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तो मी खाल्ला आहे. म्हणून आज सगळं सांगून मोकळा होतो.

कुवेत सिटीतल्या एका कंपनीत मी तीन वर्षं बिलं छापली. बिलं अरबीत लागायची, म्हणून तिथल्या लोकांनी माझ्यात अरबी अक्षरांचा एक प्रोग्रॅम घालून ठेवला होता. मी सुरू झालो रे झालो, की हा पाहुणा आधी येऊन माझ्या मेमरीत फतकल मारून बसायचा. मी कधी तक्रार केली नाही. पुढे कंपनीने नवी यंत्रं घेतली, तेव्हा तिथल्या इद्रीसभाईंनी मला आपले मित्र चंद्रहास यांच्या घरी पोचवलं. इद्रीसभाई दाभोळचे, चंद्रहास चिपळूणचे. चंद्रहास कुवेतमधल्याच एका इस्पितळात एक्स-रे काढायचे. घरात बायको राजश्री आणि अकरा वर्षांची मुलगी अक्षदा.

खरं सांगतो, अक्षदा भेटली आणि मी माणसांत आलो. कंपनीत मला कोणी नीट पुसतही नव्हतं. ही पोर कीबोर्डमध्ये पडलेले चिवड्याचे दाणे काडीने एकेक करून काढायची आणि वर मलाच सॉरी म्हणायची.

१९९०च्या जूनमध्ये ती आईबरोबर सुट्टीसाठी चिपळूणला गेली. जाण्याआधी तिने दुकानात एक गेम बघून ठेवला होता, विमान उडवायचा. खोक्याच्या कडेला बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की मेमरीत पाच लाख साठ हजार बाइट्स मोकळे हवेत. ती वीस ऑगस्टला परत येईल तेव्हा विमान तयार असेल, असं बाबांनी कबूल केलं. आपल्या कॉम्प्युटरला हा गेम चालेल का, ते तपासायची रीत तिने कागदावर लिहून माझ्या कपाळावर चिकटवली.

चंद्रहास आधी खोका विकत घेऊन आले आणि मग तपासायला बसले. असे ते! कागदात बघून एका बोटाने आज्ञा टाइप केली. शेवटच्या ओळीत आकडा आला, पाच लाख एकवीस हजार. एकोणचाळीस हजार कमी. त्यांनी तीनदा तपासलं, मग चष्मा काढला.

"याला झेपणार नाही," ते म्हणाले.

अहो, मला झेपत होतं! जागा त्या पाहुण्याने अडवली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय? पण माझं ऐकतो कोण? त्यांनी पोरीला तसं पत्र टाकलं.

तिचं उत्तर एकतीस जुलैला आलं. ते त्यांनी माझ्यासमोरच मोठ्याने वाचलं. "बाबा, तो नापास नाही. जागा अरबीने खाल्ली आहे. डॉसची फ्लॉपी घालून सुरू करा, म्हणजे अरबी येणारच नाही. मग बघा." माझ्या जिवात जीव आला. एवढ्या लांब बसून पोरीने माझं दुखणं ओळखलं होतं.

पण चंद्रहास कचरले. माझ्या पाठीवर एक पट्टी चिकटवलेली होती, तिच्यावर अरबी मजकूर आणि गोल शिक्का. नऊ वर्षं इथे काढून त्यांना अरबीतले आकडे तेवढे वाचता यायचे. शिक्का दिसला की परक्या मुलखातला माणूस दोन पावलं मागे सरतो. हा अरबी प्रोग्रॅम सरकारनेच सक्तीने घातला असणार, त्याच्याशिवाय मशीन चालवलं तर नसती आफत यायची, उद्या राहण्याचा परवानाच अडकायचा, असं त्यांच्या मनाने घेतलं. गुरुवारी सुट्टी आहे, इद्रीसला विचारू आणि मगच हात लावू, असं त्यांनी ठरवलं.

तो गुरुवार म्हणजे दोन ऑगस्ट. त्या दिवशी उजाडायच्या आत इराकचे रणगाडे शहरात शिरले.

सप्टेंबरात चंद्रहास बसने बगदाद, अम्मान असं करत मायदेशी गेले. जाण्याआधी त्यांनी मला चादरीत गुंडाळलं, गेमचा खोका शेजारी ठेवला आणि स्वयंपाकघराच्या माळ्यावर पातेल्यांमागे लपवलं. मागाहून चोरांनी टीव्ही नेला, फ्रिज नेला. पातेली मात्र कोणी हलवली नाहीत.

माझ्या पोटात एक छोटी बॅटरी आहे. मी बंद असलो तरी ती तारीख मोजत राहते. वीस ऑगस्ट तर केव्हाच उलटून गेला होता. मग दिवाळी गेली, मग जानेवारीत अक्षदाचा वाढदिवस गेला. मला तिची फार आठवण यायची. विमान माझ्या कुशीत आणि उडवणारी समुद्रापलीकडे! पुढे बॅटरीही संपली आणि मला दिवसही कळेनात.

युद्ध संपल्यावर, १९९१च्या ऑक्टोबरात इस्पितळाने चंद्रहासांना परत बोलावलं. ते एकटेच त्याच घरी आले आणि मला माळ्यावरून खाली उतरवलं. बायको-मुलीचे कागद काही झाले नव्हते आणि अक्षदाचं नाव चिपळूणच्या शाळेत घातलं होतं. पहिल्याच शुक्रवारी नमाज आटोपून इद्रीसभाई आले. त्यांनी नवी बॅटरी घातली, माझी तारीख लावून दिली. चंद्रहासांनी भीतभीत पाठीवरचा शिक्का दाखवला.

इद्रीसभाईंनी वाचलं आणि हसत सुटले. "अरे, हा आमच्या कंपनीचा शिक्का. टेबल नंबर चार, एवढंच लिहिलंय!"

चंद्रहास हसले नाहीत. बराच वेळ ते पट्टीवरून बोट फिरवत राहिले. "माझ्या हातात एक अख्खा दिवस होता," ते म्हणाले. "तो पास झाला, एवढं तिला निदान कळवलं तरी असतं."

मग त्यांनी फ्लॉपी घातली, मला सुरू केलं आणि आज्ञा टाइप केली. पाच लाख सत्त्याऐंशी हजार! गेम सुरू झाला. त्यांनी चिपळूणला शेजाऱ्यांकडे फोन लावला, अक्षदाला बोलावून घेतलं आणि रिसीव्हर माझ्या स्पीकरपाशी धरला. मी जीव तोडून घरघरलो. एका हाताने विमान कसलं उडतंय! धावपट्टीच्या टोकालाच ते आपटलं.

सव्वा वर्षानंतर मी रिसीव्हरमधून तिचा आवाज ऐकला. "बाबा, उडालं?"

"पडलं गं," ते म्हणाले.

"असू दे. परत उडवा. मी ऐकते."

मित्रांनो, अक्षदा अजून आलेली नाही. मी रोज तिची वाट बघतो. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. कुणाला झेपत नाही म्हणण्याआधी त्याच्या डोक्यावर कोण बसलंय, ते उतरवून बघा. आणि काही विचारायचं असेल तर ते आजच विचारा, गुरुवारवर टाकू नका.