तांदळातलं नाव

मालिनीबाईंचं मूळ नाव वेणू. त्या नावानं हाक मारणारा जगात एकच माणूस उरला होता, आणि गेल्या दिवाळीत पक्षाघातानं त्याची जीभ लुळी पडली.

तो माणूस म्हणजे त्यांचा थोरला भाऊ, बदलापूरचा आण्णा. माहेरी वहिनी त्यांना वन्सं म्हणे, भाचरं आत्या म्हणत, आणि सासरी, विठ्ठलवाडीच्या इमारतीत तर वेणू नावाची बाई कधी राहायलाच आलेली नव्हती. आण्णा तेवढा हट्टी. बहिणीच्या लग्नाला पस्तीस वर्षं होऊन गेली तरी भर पंगतीत ओरडायचा, "वेणू, इकडे कढी वाढ गं!" मुलगा तेव्हा अंगणात पोरांत असे, आणि नवरा श्रीपादराव मेहुण्याच्या त्या ओरडण्याला कधी कानच देत नसत. बायकोचं नाव त्यांनी स्वतः अंगठीनं ताटातल्या तांदळात लिहिलं होतं, मालिनी म्हणून. ते तांदूळ पुढे खिचडीत गेले. आधीच्या नावाचं काय झालं, हे कुणी विचारलं नाही, आणि नव्या नवरीनं विचारायचं तर तोंड कुठून आणायचं?

आण्णाला भेटायला गेल्या तेव्हा त्याच्या कानाशी वाकून त्या म्हणाल्या, "आण्णा, मी वेणू." आण्णानं पाहिलं. डोळ्यांत पाणी आलं, पण त्याचं काही खरं नव्हतं. ते दिवसभरच येत होतं. वहिनीनं पदरानं त्याचं तोंड पुसलं आणि म्हणाली, "वन्सं, चहा टाकू का?"

त्याच महिन्यात हेमचंद्रचं लग्न ठरलं.

हेमचंद्र म्हणजे त्यांचा एकुलता एक. जवळच्या कॅम्प पाच वस्तीत जीन्स शिवणाऱ्या गाळ्याच्या वरच्या मजल्यावर एका सिंधी भागीदाराबरोबर त्यानं कॉम्प्युटर क्लास काढला होता. क्लासला पोरं कमी आणि कॉम्प्युटरवर कुंडल्या काढून घ्यायला आयाबाया जास्त. मग दोघांनी नवं खूळ काढलं. मशीनमध्ये नावं भरायची, बटण दाबलं की त्यातलं एक आपोआप वर येणार, शेजारी अर्थ. भागीदारानं सिंधी, पारशी, अरबी, इंग्रजी, मिळतील तेवढी नावं कोंबली होती. नवसाच्या पोराचं नाव काढायला बायका अंबरनाथहून यायच्या. मशीननं सांगितलं म्हणजे नणंदेनं सुचवलं आणि जावेनं मोडलं ही भानगडच नाही.

"आई, आफ्रिकेत म्हणे कुठेतरी ज्या वारी जन्म त्या वाराचंच नाव ठेवतात," हेमचंद्र एकदा जेवताना म्हणाला.

मालिनीबाईंना ते फार आवडलं. मंगळवारची पोर मेली तरी मंगळवारचीच. लग्नात कुणी येऊन तिचा गुरुवार करत नाही.

मुलगी अंबरनाथची, वृंदा. बँकेत नोकरी, बोलायला मोकळी. साखरपुड्याच्या दिवशी स्वयंपाकघरात पाणी प्यायच्या निमित्तानं ती आली आणि हळूच म्हणाली, "काकू, एक विचारू? माझं नाव तसंच राहिलं तर चालेल का? बाबांनी हौसेनं ठेवलंय. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील सगळे."

"बघते हं," मालिनीबाई म्हणाल्या.

आणि बघितलंही असतं त्यांनी. पण रात्री घरात सुनेच्या नव्या नावावरून जुंपली. श्रीपादरावांना हेमांगी हवं होतं, हेमचंद्रला काहीतरी मॉडर्न. शेवटी हेमचंद्र म्हणाला, "भांडण नको. प्रत्येकानं आपापली नावं द्या, मी मशीनमध्ये घालतो. येईल ते येईल. मशीन कुणाच्या बापाचं ऐकत नाही." श्रीपादराव हसले. तेही कबूल झाले. "आई, तू पण दे गं एखादं."

आता मालिनीबाईंनी वृंदा म्हणायला हवं होतं. शब्द ओठावरही आला होता. पण त्याच क्षणी त्यांना वाटलं, या घरात रोज कुणीतरी वेणू म्हणून हाक मारील. सकाळी चहाला, संध्याकाळी दिवेलागणीला. ती पोरगी ओ देईल, पण कानावर तर पडेल. तहानलेल्यानं दुसऱ्याच्या तांब्याकडे बघावं तशी त्यांची गत झाली, आणि त्यांनी तांब्या उचलला.

"वेणू घाल," त्या म्हणाल्या. हेमचंद्र तेव्हा फोन घ्यायला उठला होता. त्यानं नुसतं बरं म्हणून मान हलवली.

रविवारी सगळे क्लासवर गेले. खालून शिलाई मशीनची घरघर येत होती. हेमचंद्रनं खुर्च्या मांडल्या, भागीदारानं थम्सअप मागवलं. भागीदार म्हणाला, "आंटी, हमारे में भी बहू का नाम बदलते हैं. महाराज अक्षर देता है. अभी महाराज की छुट्टी!" आणि स्वतःच्याच विनोदावर खो खो हसला.

हेमचंद्रनं बटण दाबलं. हिरव्या अक्षरांची भिरभिर झाली आणि थांबली.

"वेणू," त्यानं वाचलं. "अर्थ, बासरी."

मालिनीबाई खुर्चीच्या कडेला सरकल्या. इतकी नावं भरलेली, आणि नेमकं तेच. पस्तीस वर्षांत देवानं दिलं नाही ते या डबड्यानं दिलं. मुलाच्या तोंडून आपलं नाव त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं आणि त्यांना रडूच यायला लागलं.

"हे कुणी घातलं रे?" श्रीपादराव म्हणाले. "धुणंभांडीवालीचं नाव वाटतं."

मालिनीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. चेष्टा असती तर चाललं असतं. रागही चालला असता. पण त्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. ज्या माणसानं ते नाव पुसलं, त्याला पुसल्याचंही आठवत नव्हतं.

"चुकून गेलं असेल," हेमचंद्र म्हणाला. आईनंच सांगितलं होतं हे त्याच्या डोक्यातून केव्हाच गेलं होतं. "हे कॅन्सल. परत दाबतो."

"अरे, पण येईल ते येईल म्हणाला होतास ना?" मालिनीबाई म्हणाल्या. आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा बारीक निघाला.

"आई, बँकेत काम करणारी मुलगी आहे. वेणू काय?"

त्यानं परत दाबलं. मशीन कुणाच्या बापाचं ऐकत नसेल, पण बटण दाबणाऱ्या बोटाला धनी असतोच. या खेपेला शर्वरी आलं, म्हणजे रात्र. सगळ्यांना पसंत पडलं. प्रिंटर करकरला आणि कागद बाहेर आला.

लग्नात वृंदानं ताटातले तांदूळ पाहिले आणि मग सासूकडे पाहिलं. मालिनीबाई पेढ्यांचं तबक घेऊन उभ्या होत्या. नाव सांगत पेढे वाटायचं काम रीतीनं त्यांचंच. "शर्वरी हं, शर्वरी," असं म्हणत त्या मांडवभर फिरल्या.

दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन त्या समोरच्या भिमाबाईंकडे गेल्या. भिमाबाई म्युनिसिपल शाळेत मास्तरीण, बोलण्यात भीडमुर्वत नाही.

"आधीचं काय होतं हो सुनेचं?"

"वृंदा."

"मग त्याला काय झालं होतं?" भिमाबाई म्हणाल्या. "आमच्या सासऱ्यांचं नाव कचरू. आधीची पोरं जगली नाहीत, म्हणून ह्याला कचरा म्हणा, मग मरण उचलणार नाही. छप्पन साली दीक्षा घेतली आणि त्यांनी स्वतःचं नाव धर्मराज ठेवलं. मग पाटलानं कचऱ्या म्हणून बोंब मारली तरी मागं वळून बघायचे नाहीत. पण ते त्यांनी स्वतः ठेवलेलं, मालिनीताई. ह्या पोरीला कुणी विचारलं का?"

मालिनीबाईंनी तबकातला एक पेढा सारखा केला. पोरीनंच विचारलं होतं, हे कुठल्या तोंडानं सांगणार?

"आणि तुमचं माहेरचं काय?"

बोलायला हीच वेळ होती. विचारणारं माणूस समोर होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. पण धुणंभांडीवालीचं नाव हे शब्द कानात अजून ताजे होते.

"असंच काहीतरी जुनं," त्या म्हणाल्या आणि तबक झाकलं.

सुरुवातीला सून नव्या नावाला ओ द्यायची नाही. मुद्दाम नव्हे, तिला कळायचंच नाही. दोनतीनदा हाक मारावी लागे, मग दचकून वळायची. तेव्हा मालिनीबाईंच्या मनात यायचं, घरात कुणी नसताना हिला वृंदा म्हणावं. एवढं तरी देणं लागतो आपण. पण आज नको, उद्या बघू, असं चाललं. श्रीपादरावांच्या कानावर गेलं तर? आणि ती म्हणाली, तेव्हा का नाही बोललात, तर? तिकडे अंबरनाथला तिची आईसुद्धा फोनवर शर्वरी म्हणू लागली, जावयाला बरं वाटतं म्हणून.

आण्णा पुढच्या पावसाळ्यात गेला. शेवटपर्यंत शब्द फुटला नाही. तेराव्याला त्याच्या फोटोपुढे बसून मालिनीबाई धाय मोकलून रडल्या. वहिनीला वाटलं भावासाठी. ते खरंच होतं. पण भावाबरोबर आणखी कोण गेलं, हे सांगून तिला कळलं नसतं.

घरी आल्या तेव्हा सून एकटीच होती. ओट्याशी पाठमोरी उभी राहून मेथी निवडत होती. मालिनीबाईंनी पिशवी खाली ठेवली. आपलं तर गेलं. हिचं तरी राहू दे, असं त्यांना आतून आलं, आणि या वेळी त्यांनी उद्यावर टाकलं नाही.

"वृंदा," त्यांनी हाक मारली.

सुनेचे हात चालूच होते.

"वृंदा, अगं वृंदा!"

ती खिडकीतून खाली डोकावली आणि परत मेथीकडे वळली.

मालिनीबाईंनी पिशवी कोपऱ्यात सरकवली. मग म्हणाल्या, "शर्वरी."

"काय हो आई?" ती लगेच वळली. "केव्हा आलात? पाणी देऊ?"

"केव्हाची हाक मारतेय तुला."

"मला होय?" सून हसली. "मला वाटलं, खालच्या कुणाला तरी हाक मारताय."