रेघेच्या वर गेलेलं पाणी

गिरणीच्या रंगखात्यातल्या प्रयोगशाळेत माझी परीक्षा होती. जमलं तर नोकरी, नाहीतर आईच्या मागोमाग वाइंडिंग खात्यात दिवसभर उभं राहून सूत गुंडाळायचं.

मुख्य केमिस्ट दस्तूरसाहेबांनी काम दिलं: दहा नॉर्मल तीव्रतेच्या आम्लाच्या बाटलीतून अर्ध्या नॉर्मलचं लिटरभर द्रावण करायचं. म्हणजे वीसपट सौम्य. आम्ल लागणार पन्नास सी.सी. हिशेब तर मी टेबलापाशी पोचायच्या आतच केला होता.

आधी फ्लास्कमध्ये थोडं पाणी हवं. मी शुद्ध पाण्याच्या बरणीकडे वळले, तर सामंत आडवे आले. हे तिथले जुने असिस्टंट. अर्जात मी धर्म 'बौद्ध' लिहिला होता. त्यांनी तो वाचला असणार.

"बरणीक हात लावू नको. मी ओतान देतंय."

त्यांनी अर्धा फ्लास्क भरून दिला. मी आम्ल मोजून घातलं. मग बरणी माझ्या फ्लास्कला लागू नये म्हणून त्यांनी हातभर उंचावरून धार सोडली. फ्लास्कच्या मानेवर एक रेघ असते, तिथे थांबायचं असतं. पाणी तिच्या बोटभर वर गेलं.

"वरचा ओतून टाक. रेघेवर इला की झाला."

कसलं झालं! एकदा पाणी जास्त पडलं की सगळंच पातळ झालं. वरचं ओतून उरलेलं काही कडक होत नाही. हे सामंतांना ठाऊक नव्हतं? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांच्या डोळ्यांदेखत मी फ्लास्क मोरीत रिकामा केला, धुतला आणि बरणी दोन्ही हातांनी उचलली.

"आता ह्या पाणी कोण वापरतलो?"

"काल कामगार मैदानावर संयुक्त महाराष्ट्राच्या सभेत 'मुंबई आपली' म्हणून मी तुमच्या मागेच उभी राहून ओरडत होते, सामंत. तेव्हा माझा घसा चालला. आज हातही चालेल."

मी पुन्हा आम्ल मोजून घातलं आणि पाणी बरोबर रेघेवर थांबवलं. दस्तूरसाहेबांनी द्रावण तपासलं. बरोबर अर्धा नॉर्मल. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "काम फर्स्ट क्लास. पन पानी सामंतला देऊ दे, हां? खालीपिली झगडा नको."

नोकरी हातातोंडाशी आली होती. मला आईचे सुजलेले पाय दिसले. पण राग त्याहून मोठा होता.

"पाणी मीच घेणार, साहेब. ज्याला माझ्या हातचं चालत नाही, त्याने आपली बरणी घरून आणावी. हे पटत नसेल तर मला आत्ताच नाही म्हणा."

साहेब चष्मा पुसत राहिले. मग सामंतांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "इथे बरनी एकच राहील. सकाळी आठला ये."