मामाच्या नावाची गाडी

माझी बायको वच्छला वारली त्याला अजून वर्ष व्हायचं होतं, आणि आमची लेक प्रेमिला गरोदर होती. दिवस भरत आले होते. तिचं सासर पारशिवनीच्या पलीकडे एका खेड्यात. पहिलं बाळंतपण माहेरी करतात, पण विहीणबाईंचा निरोप आला होता. ज्या घरात वर्षश्राद्ध झालं नाही, त्या घरी बाळंतपणाला पोर पाठवणार नाही. माझ्या घरी दुसरं बाईमाणूसही नव्हतं.

त्या गावाहून नागपूरला सकाळची एकच बस. वच्छला लेकीला भेटायला गेली होती आणि रात्री तिच्या पोटात दुखू लागलं. सकाळी बस येईपर्यंत ती तशीच तळमळत होती. कामठी यायच्या आधी बसमध्येच गेली. मी साहेबांची जीप घेऊन दौऱ्यावर होतो.

म्हणून मला गाडी पाहिजे होती. रजा काढायची, गाडी प्रेमिलाच्या दारात उभी करायची आणि तिथंच थांबायचं. रात्री काही झालं तर बसची वाट पाहायची नाही.

सदरच्या ताराचंदशेठना आपली जुनी फियाट विकायची होती. मी इंजिन ऐकलं, बरं होतं. लकडगंजचा एक लाकूडवाला रोख द्यायला तयार होता. शेठ मला म्हणाले, "ड्रायव्हर, तेरे हाथ में गाडी अच्छी रहेगी. लेकिन आज शाम तक. बत्ती लगी, तो लकडगंजवाला ले जाएगा."

आमच्या खात्याच्या पतसंस्थेची कमिटी महिन्यातून एकदा बसते. ती त्याच दिवशी चार वाजता बसणार होती. कर्जाला दोन जामीनदार लागतात. नत्थूजींनी सही केली होती. दुसरे बाबनराव. ते जेवणाच्या सुट्टीत आले आणि बायको नाही म्हणते, एवढं सांगून गेले. आता ऑफिसात कुणाचाही जामीन न राहिलेला, पक्क्या नोकरीतला एकच माणूस उरला. स्टोअरचा चंपतराव, वच्छलाचा थोरला भाऊ. बहीण गेल्यापासून तो माझ्याशी बोलत नव्हता.

मी स्टोअरमध्ये गेलो. तो खिळ्यांची पोती मोजत होता. मी फॉर्म पुढे केला. त्याने वाचला आणि परत दिला.

"वर्ष नाई झालं अजून अन् दारी गाडी आणून राहिला? लाज हाये का काही?"

"चैनीसाठी नाही, चंपतराव."

"साऱ्या साहेबाईले तू दवाखान्यात नेतं. माही बहीण बसमध्ये मेली." तो माझ्याकडे पाहत नव्हता. "आता कोनाले फिरवायचं हाये?"

"प्रेमिलाला," मी म्हणालो. "तोच रस्ता आहे, तीच बस आहे. विहीणबाई तिला माझ्याकडे पाठवत नाहीत. तुम्ही सही केली नाही तर मी काय करू, ते सांगा."

त्याने पोतं खाली ठेवलं. बाहेर शिपाई कमिटीच्या खोलीत खुर्च्या लावत होता, त्याचा आवाज येत होता.

"सही नाई करत मी," तो म्हणाला. मी वळलो. "थांब ना गा! ऐक तं. वर्षाचं सुतक तुह्या घराले हाये. माह्या घराले नाई. कर्ज मी काढतो. गाडी माह्या नावावर. तू जामीन राह्य."

आम्ही दोघं धावतच गेलो. सेक्रेटरी वामनराव चष्म्यावरून पाहू लागले. "काल कर्जदार हा रुपराव, आज चंपतराव. अन् गाडी कोण चालवणार?"

"तो," चंपतरावाने माझ्याकडे बोट केलं.

"हप्ते थकले तर?"

"माहा पगार काप. अजून काय पाहिजे तुले, माही मिशी?"

कमिटीतले एकदोघे हसले. वामनराव हसले नाहीत. त्यांनी नवा फॉर्म भरून घेतला, नत्थूजींना बोलावून त्यांची सही घेतली, एकेक ओळ वाचली, खोडलेल्या जागी पुन्हा सही मागितली. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढत होतं. शेवटी ताराचंदशेठच्या नावाचा चेक हातात पडला. मी सायकल काढली, चंपतराव मागे बसला.

सदरला पोहोचलो तेव्हा दुकानांत दिवे लागत होते. लाकूडवाला गाडीत बसला होता, स्टीअरिंगवर हात ठेवून. ताराचंदशेठ किल्ली बोटात फिरवत होते.

"बत्ती लग गयी, ड्रायव्हर."

"तुमच्या दुकानाची नाही लागली," मी म्हणालो.

शेठनी वर पाहिलं. त्यांचा दिवा खरंच बंद होता. ते हसले आणि लाकूडवाल्याला म्हणाले, "उतरो भाई."

गाडी चंपतरावाच्या दारी नेली. त्याच्या बायकोने, गोपिकाने, बॉनेटवर हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. मी सुतकातला, म्हणून तोवर रस्त्याच्या पलीकडे उभा राहिलो. मग तिने मागच्या सीटवर जाड गोधडी अंथरली. कशाला, ते मी विचारलं नाही. मला तिकडे राहायचं होतं म्हणून असेल, असं वाटलं.

पहाटे निघालो. "नागपूरच्या मोठ्या दवाखान्याच्या दारात मी रोज सकाळी येऊन पाहीन," चंपतरावाने निघताना सांगितलं. गावात शिरलो तर प्रेमिलाच्या घरापुढे बाया जमल्या होत्या. मी करकचून ब्रेक दाबला. विहीणबाई बाहेर आल्या.

"रातीपासून कळा येऊन राहिल्या. सुईण म्हणते, पोर पोटात आडवं हाये." त्यांनी बॉनेटवरचं कुंकू पाहिलं. "गाडी कोनाची, इवाई?"

"चंपतरावांची. प्रेमिलाच्या मामाची."

"मामाच्या घरी सुतक नाई ना?"

"नाही."

"मंग मामाची गाडी घ्यायले आली म्हना ना!" त्या घराकडे वळून ओरडल्या, "आना वं तिले बाहेर. मामाच्या घरी चालली माही सून."

प्रेमिलाला गोधडीवर निजवलं. विहीणबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. खड्ड्यांत मी गाडी हळू घेत होतो, सपाट रस्त्यावर पळवत होतो. वाटेत सकाळची बस आमच्या मागे पडली. प्रेमिलाच्या तोंडून कण्हणं येत होतं. ते थांबलं की मला जास्त भीती वाटायची.

"बाबा," ती म्हणाली, "बसमध्ये आईचा जीव कुठं गेला? इथंच ना?"

"बोलू नको वं. श्वास घे."

ती पुन्हा कण्हली. मी आवाज ऐकला आणि गिअर बदलला. कामठी मागे गेली. दवाखान्याच्या दारात चंपतराव उभा होता, दोन्ही हात हलवत, गाडी आत कुठं घ्यायची ते दाखवत.