बोटाने मोजायची सवय

अकराच्या अकरा प्रशिक्षणार्थी आजच कामावर रुजू झाले, ही बातमी कारकुनाने मोठ्या उत्साहाने दिली आणि ती ऐकून वायरमनचे काम शिकवणाऱ्या निदेशकांचा चेहरा उतरला.

"शंभर टक्के, सर! एकसुद्धा घरी बसलेला नाही," हातातली यादी फडकावत कारकून म्हणाला. "साऱ्या योजनेत आपलं केंद्र पहिलं. वरून शाबासकीचं पत्र येणार. आणि तुम्ही एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून बसलाय!"

"पण त्यांना पुढच्या महिन्यात पाठवायचं ठरलं होतं ना?"

"वरच्या साहेबांना महिनाअखेरीस आकडा हवा होता. मग काय, लगीनघाई!"

निदेशकांनी यादी ओढून घेतली. पहिल्याच ओळीत काजवाल्या ताई होत्या. पुढे पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्याचा पत्ता होता आणि कामाच्या रकान्यात दोनच शब्द होते : पॅनेल देखभाल.

या ताईंनी वीस वर्षे एका कपड्यांच्या कारखान्यात काजे केली होती. तो कारखाना बंद पडल्यावर, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, त्या सरकारी योजनेतून वायरमनचे काम शिकायला आल्या. हात विलक्षण नेटका. एकदा शिकवलेली गोष्ट त्यांच्या बोटांतून पुन्हा पुसली जात नसे, आणि निदेशकांच्या भीतीचे मूळ नेमके तिथेच होते.

केंद्राला दुसरीकडे वापरलेले बारा सराव-फलक मिळाले होते, खुर्च्या मिळाल्या होत्या, भिंतभर फळा मिळाला होता. मिळाली नव्हती ती कार्यशाळेची वीजजोडणी. तिचा अर्ज तीन महिने या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. तोवर वर्ग वीज नसलेल्या, मृत तारांवरच चालला. फलकांवरचे टर्मिनलांचे, म्हणजे तारा जोडायच्या स्क्रूंचे, आकडे आधीच्या तुकड्यांच्या हातांनी घासून गेले होते आणि खिडकीतून येणारा उजेड अपुरा. तेव्हा निदेशकांनीच युक्ती सांगितली : "मान वाकडी करून डोळे फोडू नका. डावीकडून बोट लावत मोजा. मोठ्यांदा मोजा. स्क्रू सैल असेल तर बोटालाच कळेल."

सगळे तसे मोजू लागले. एक, दोन, तीन. रोज. पाढ्यांसारखे.

"सर, हा टेस्टर पेटतो तरी कधी?" ताईंनी एकदा विचारले होते.

"पुरवठा आला की."

"म्हणजे आमच्या नातवंडांच्या हातात," ताई म्हणाल्या होत्या, आणि वर्ग खो खो हसला होता. निदेशकही हसले होते.

तुकडी संपताना प्राचार्यांनी प्रमाणपत्रे पुढे केली. 'चालू पुरवठ्यावर चाळीस तास सराव' असे त्यांवर छापलेलेच होते. जोडणी येताच वर्ग घेऊ, तारीख टळायला नको, असे प्राचार्य म्हणाले. उभ्या आयुष्यात मोजमापात केसाचाही फरक न खपवणाऱ्या निदेशकांनी अकरा वेळा सही केली.

आता त्यांनी ताईंना फोन लावला. बंद. कारखान्यात फोन आत नेऊ देत नसत. कार्यालयाचा नंबर वाजत राहिला, कोणी उचलला नाही.

"तुमची स्कूटर काढा," ते कारकुनाला म्हणाले.

"आत्ता? अहो, अहवाल—"

"काढा म्हणतो ना!"

निदेशकांचा चढलेला आवाज कारकुनाने आजवर ऐकला नव्हता. तो किल्ली घेऊन उठला.

रस्त्यात निदेशक मनाशी पुन्हा पुन्हा हिशेब मांडत होते. फोरमनने आधी पुरवठा तोडला असेल. नसेलही, प्रमाणित माणूस टेस्टर लावल्याशिवाय हात घालत नाही, असे तो धरून चालणार. चारशे पंधरा व्होल्ट. पायांत रबरी तळाचे बूट असले तर? पण डावा हात लोखंडी चौकटीवर टेकला, तर प्रवाह या हातातून त्या हातात छाती ओलांडूनच जाणार. आणि ताई डावा हात टेकवतच असत. तोल राहतो म्हणून. तेही निदेशकांनीच शिकवले होते.

फाटकावर पहारेकऱ्याने वही पुढे केली. "नाव, गाव, काम, वेळ."

निदेशकांनी वहीकडे पाहिलेही नाही. "तुम्ही लिहा माझं," असे कारकुनाला सांगून ते आत घुसले. "ओ आजोबा!" मागून हाक आली. ते थांबले नाहीत.

आत यंत्रांचा असा कल्लोळ होता की कानाशी बोललेलेही ऐकू येऊ नये. लांबलचक शेडच्या दुसऱ्या टोकाला विजेच्या पॅनेलचे दार सताड उघडे होते. समोर ताई उभ्या होत्या. नवा निळा गणवेश, खिशाला टेस्टर, डावा हात चौकटीवर. उजव्या हाताची तर्जनी वर उचललेली.

साठ-सत्तर पावले. त्या म्हाताऱ्या गुडघ्यांनी धावता आले नसते. ओरडले असते तर ऐकू गेले नसते. गेले असते तर दचकून हात पुढेच गेला असता. डाव्या भिंतीवर मुख्य स्विचची लाल मूठ होती. त्यांनी दोन्ही हातांनी ती धरली आणि अंगाचा सारा भार टाकून खाली ओढली.

दिवे गेले. यंत्रे धापा टाकत मंदावली आणि थांबली. त्या अवचित शांततेत, छपराच्या काचांतून येणाऱ्या फिकट उजेडात, एक संथ आवाज ऐकू आला.

"दोन… तीन… चार…"

ताईंचे बोट उघड्या तांब्यावरून पुढे सरकत होते. पुरवठा गेल्याचे त्यांच्या गावीही नव्हते. त्यांच्या लेखी तो कधी आलाच नव्हता.

निदेशकांनी मूठ आणखी आवळली.

"कोणी बंद केलं?" फोरमन धावत आला. "ओ काका, हात काढा! तीन लाइनी ठप्प केल्यात तुम्ही!"

"मूठ सोडणार नाही," निदेशक म्हणाले. "आधी त्यांना तिथून बाजूला घ्या."

"अहो, त्या प्रमाणपत्रवाल्या आहेत!"

"त्यावर माझी सही आहे. चाळीस तास लिहिलंय. एक मिनिटही झालेलं नाही."

तेवढ्यात ताई हसतमुखाने जवळ आल्या. "सर, तुम्ही इथे कसे? पाचवा सैल निघाला बघा. बोटाला लगेच कळलं."

फोरमन त्यांच्या खिशाकडे पाहत होता. "टेस्टर लावला होतात, ताई?"

"तो कुठे पेटतो?" त्या सहज म्हणाल्या.

फोरमन खोक्यांच्या चळतीवर मटकन बसला. ताईंनी त्याच्याकडे पाहिले, मग लाल मुठीला घट्ट धरलेल्या निदेशकांकडे, मग स्वतःच्या बोटाकडे. चेहऱ्यावरचे हसू ओसरत गेले.

"म्हणजे मघाशी… तुम्ही आला नसतात तर…"

ताई निदेशकांकडे वळल्या.

"तुम्हाला ठाऊक होतं, सर?"

"होतं."

"तरी सही केलीत."

"केली."

"नोकरी लागली म्हणून सकाळी सासूबाईंनी दारापर्यंत येऊन निरोप दिला मला," ताई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरे, असे निदेशकांना वाटले. क्षणभराने त्याच आवाजात भीती शिरली. "बाकीच्या दहा जणांना सांगितलंत?"

निदेशकांनी खिशातली यादी काढली. तिच्यावर आणखी दहा पत्ते होते, शहराच्या दहा कोपऱ्यांतले.

"माझा फोन द्या, कपाटात आहे," ताईंनी फोरमनला सांगितले. "सगळ्यांचे नंबर आहेत माझ्याकडे. काहींना फोन आत नेता येतो."

फोरमनने फोन आणून दिला. पहिला नंबर वाजत वाजत तुटला. दुसरा बंद होता. ताईंनी ओठ चावत तिसरा लावला. पलीकडून कोणीतरी कामाच्या घाईत "हॅलो, काय ताई?" म्हणाले.

"आधी सांग," ताई म्हणाल्या, "तुझा दुसरा हात आत्ता कुठे आहे?"