लैलाबीबीची टेकडी

लैलाबीबीच्या वडिलांचं घर भावांनी विकलं, तेव्हा लैलाबीबी रडली नाही. सुरैयाला तेच खटकलं. एकसष्ट साल होतं. बाणकोटची सुरैया आणि तिचा नवरा हारून कुवेतला सालमियात लैलाबीबीच्या नवऱ्याच्या, मुस्तफा शेठच्या बंगल्यावर कामाला होते. तो बाग आणि बाहेरचं बघायचा, ती रांधायची. इतक्या वर्षांत तिला कामापुरतं अरबी चांगलं बोलता यायला लागलं होतं.

विकलेलं ते घर सुरैयानं पाहिलं होतं. एका उन्हाळ्यात शेठ तिलाही बैरूतला सोबत घेऊन गेले होते. डोंगराच्या उतारावर मधाच्या रंगाच्या दगडांचं घर, पुढं तीन कमानींचा ओटा आणि ओट्याखाली टप्प्याटप्प्यानं उतरत गेलेली बाग. आधी द्राक्षांचा मांडव, मग लिंबं, मग जैतुनाची झाडं, आणि खाली निळाशार समुद्र. लैलाबीबी तिथं अनवाणी फिरायची, जोरात हसायची. सालमियात सुरैयानं तिला कधी तसं हसताना ऐकलं नव्हतं.

मुस्तफा शेठ बोलका माणूस नव्हता. त्यांनी एक दिवस बंगल्यामागच्या सपाट जागेत ट्रक बोलावले. कुवेतच्या जुन्या गावातली घरं पाडून तिथं रस्ते होत होते; त्या घरांचे समुद्री, प्रवाळाचे दगड आणि माती येऊन पडायला लागली. ठेकेदारानं त्यांचा ढीग रचला, सिमेंटच्या सरळ भिंती घालून तीन टप्पे काढले आणि वर बसायला कमानींचा लहानसा मंडप बांधला. मंडपात उभं राहिलं की कुंपणापलीकडचा समुद्र दिसायचा. लिंबाची आणि जैतुनाची रोपं थेट लेबननहून आली. झाडांसाठी सुलैबियाच्या विहिरींचं मचूळ पाणी टँकरनं यायला लागलं.

"बायकोला माहेर आठवतंय म्हणून नवऱ्यानं आख्खा डोंगर आणला," सुरैया रात्री भाकरी थापता थापता हारूनला म्हणाली. "तुमी मना मातीचा ढेकूळ तरी आणून दिलाव काय कधी?"

"उद्या मोठा पापलेट आणतंय," हारून म्हणाला. "चालंल?"

सुरैयाला हसू आलं. तिचा राग खरं तर लैलाबीबीवर होता. शेठनी हात धरून वर नेलं, तेव्हा ती "फार सुंदर आहे" म्हणाली होती, अगदी पाहुण्यांच्या घरचा चहा वाखाणावा तशी. त्यानंतर ती कधी स्वतःहून टेकडी चढली नाही. संध्याकाळी शेठ मंडपात एकटेच बसून असायचे. एवढं करूनही हिचा चेहरा फुलला नाही, असं सुरैयाच्या मनात यायचं आणि कॉफीचा ट्रे ती जरा आपटूनच ठेवायची.

हिवाळ्यात पाऊस आला. कुवेतचा पाऊस म्हणजे चार सरी, पण त्या खेपेला तो रात्रभर पडत राहिला. सकाळी हारूननं येऊन सांगितलं की मधली भिंत फुटलीय. सगळे मागच्या अंगणात धावले. सिमेंटची भिंत पोटातून फुगून आडवी झाली होती, माती खालच्या टप्प्यावर ओघळली होती आणि लिंबाची रोपं चिखलात लोळत होती. "ठेकेदाराला आणतो," एवढंच म्हणून शेठ निघून गेले.

सुरैया चहा टाकायला वळली, तेवढ्यात लैलाबीबीनं चपला काढल्या. झग्याचा घोळ कमरेला खोचला आणि ती चिखलात उतरली. समुद्री दगडाचा एक तुकडा उचलून तिनं हातात फिरवून पाहिला, खाली बसवला. मग दुसरा.

"बीबी, थंडी बाधेल," सुरैया म्हणाली.

"भिंतीला पाणी जायला भोकंच ठेवली नव्हती. आणि ती डोंगराकडे जराही झुकलेली नव्हती. आमच्याकडे दर हिवाळ्यात बाबा पडलेले दगड परत लावायचे, आणि मी त्यांच्या हाताखाली असायची."

"म्हणजे तुम्हाला हे आधीच कळलं होतं?"

"पहिल्याच दिवशी."

"मग बोलला का नाहीत?"

"ते किती खूश होते, पाहिलं नाहीस? त्यांच्या तोंडावर कसं सांगू की हे पडणार आहे?"

सुरैयाचा सगळा राग तिथंच विरला. तिनंही ओढणी कमरेला बांधली. बाणकोटला परड्याभोवतीचा दगडी गडगा तिनं आईबरोबर कितीदा रचला होता. तिथं जांभा होता, इथं हा भोकाभोकांचा दगड, पण हाताला काम ओळखीचं होतं. दोघी मोठे दगड खाली, लहान आत, असं रचत गेल्या. लैलाबीबी मधेच गुणगुणायला लागली.

दुपारी शेठ ठेकेदाराला घेऊन आले आणि दारातच थबकले. बायको गुडघ्यापर्यंत चिखलानं माखली होती.

"याला परत पाठवा," लैलाबीबी म्हणाली. "हे मी बांधणार आहे. रागावू नका."

शेठनी ठेकेदाराला बाहेरूनच वाटेला लावलं. परत येऊन ते तिच्या हातातल्या दगडाकडं बघत उभे राहिले. दगडाच्या एका अंगाला अजून निळा रंग चिकटलेला होता.

"हा आमच्या आजीच्या खोलीचा आहे," ते हळूच म्हणाले. "तिनं तिची खोली निळी रंगवून घेतली होती. आमचं जुनं घर पाडलं तेव्हा मीच ट्रकवाल्याला सांगितलं, ते सगळं इथं आणून टाक म्हणून."

"मला कधी सांगितलं नाहीत!"

"तुझं घर गेलं होतं. त्यात माझं काय सांगू?"

लैलाबीबीनं दगड खाली ठेवला नाही. चिखलाच्या हातानंच तिनं त्यांचा हात धरला. सुरैया "दूध उतू जाईल" म्हणून घाईघाईनं आत गेली. चुलीवर दूध नव्हतंच.

पुढं महिनाभर सगळ्याच भिंती नव्यानं रचायचं काम चाललं. सकाळी दोघी बायका, संध्याकाळी दुकानातून आल्यावर शेठ. त्यांना काही केल्या दगड बसवता येईना. त्यांनी रचलेला भाग लैलाबीबी रोज पाडायची आणि पुन्हा दाखवायची, आणि ते शाळेतल्या पोरासारखे निमूट ऐकून घ्यायचे. तिसरा टप्पा राहूनच गेला. लिंबं खाऱ्या वाऱ्यानं गेली, जैतुनाचं एकच झाड तगलं. मोकळ्या वाफ्यांत सुरैयानं मेथी आणि मुळा पेरला. ती भाजी मात्र अशी माजली की शेजारच्या बंगल्यांतही जुड्या जायला लागल्या, आणि त्या पोचवायला लैलाबीबी स्वतःच जायची.