भिंतीकडे तोंड करून

मी बोलतोय, पण भिंतीकडे तोंड आहे, तेव्हा आवाज जरा दबका वाटला तर सांभाळून घ्या. ब्रेंता नदीकाठच्या एका टोलेजंग हवेलीचं मी तैलचित्र. वय अडीचशेच्या पुढे.

मला चित्रकाराकडून काढवून घेणारे मालक व्हेनिसचे, सिन्योर मार्कान्तोनिओ. चित्रकार उन्हात घाम पुसतोय आणि हे मागून म्हणतायत, "खांब अजून उंच कर की! आणि हे धुणं कसलं वाळतंय? काढ ते. व्हेनिसला लोक काय म्हणतील?" धुणं गेलं, कोंबड्या गेल्या, राबणारी माणसंही गेली. उरला नुसता थाट. मला मात्र त्याचा भारी अभिमान.

पुढे वंशजांनी हवेली सोडली आणि मी माळ्यावर पडलो. एका वसंतात, हवेलीच्या मागच्या खोल्यांत राहून जमीन कसणाऱ्या कुळाची बायको आर्जिया धापा टाकत वर आली. तिचे रेशमाचे किडे वाढले होते, परड्या पुरत नव्हत्या. तिनं मला खाली नेऊन पालथं घातलं आणि पाठीवर तुतीचा पाला पसरला. चौकटीच्या कडा होत्याच, आयती परडी! पाठीवर किडे अखंड कुरुकुरु पाला खायचे. अस्सा संताप यायचा! आर्जियाची छोटी नोर्मा मात्र शेजारी बसून ते ऐकत राहायची.

पुढे वादळात हवेली पडली, मागच्या खोल्यांसकट. मी तोवर नोर्माबरोबर तिच्या सासरी गेलो होतो म्हणून वाचलो.

आता नोर्मा नव्वदीची. मेस्त्रेला लेकीकडे असते, आणि एकच धोशा, "मला घरी ने." लेक लोरेदाना रडकुंडीला आली. घर उरलंय कुठे? शेवटी तिनं मला पुसून आईसमोर टांगलं.

"बघ आई, तुझं घर!"

नोर्मानं डोळे बारीक केले. "हे कुठलं माझं? हे मालकांचं. या दारानं आम्हाला कधी कुणी आत घेतलं का?"

"मग तुझं कुठंय?"

"उलटं कर."

"काय?"

"अगं, फिरव त्याला, बावळट!"

लोरेदानानं मला फिरवलं. पाठीवर पाल्याचे तपकिरी डाग होते, कोपऱ्यात एक वाळका कोश चिकटलेला. नोर्मानं डागांवरून हळूहळू हात फिरवला.

"गप्प बस जरा," ती लेकीला म्हणाली. "आई पाला टाकतेय."

त्या दिवसापासून तिचा धोशा थांबला.

माझे खांब, माझं निळं आकाश आता फक्त भिंत बघते. पाहुणे हसतात, मला सुलटं करायला पुढे होतात. राहू द्या हो. नोर्मा घरी आहे.