घर आईने बघायचं

विकायला काढलेल्या त्या घरासमोर पोलिसांची गाडी येऊन थांबली आणि तिच्या मागच्या दारातून ओतिलियाची आई उतरली. हातात रिकामी कापडी पिशवी, डोक्यावरून काळी शाल, आणि चेहरा असा की जणू तीच पोलिसांना पकडून घेऊन आली आहे.

ओतिलियाच्या नवऱ्याने, फेर्मिनने, कपाळाला हात लावला. पोलीस बिचारा सभ्य होता. ही बाई कोणाच्या तरी अंगणासमोर बराच वेळ उभी होती, काय हवंय ते तिला सांगता येत नव्हतं, म्हणून घरवाल्यांनी फोन केला, असं त्याने हसतमुखाने सांगितलं आणि तो निघून गेला.

"बघितलंत?" बाल्दोमेरो खूश होऊन म्हणाला. "पाच मिनिटांत पोलीस हजर! अशी सुरक्षित वस्ती अख्ख्या शिकागोत शोधून सापडायची नाही, कोमाद्रे."

बाल्दोमेरोचा धंदा घरं विकण्याचा. पण तो परका नव्हता. ओतिलियाच्या लेकीचा बाप्तिस्मा झाला तेव्हा त्याने तिला हातावर घेतलं होतं. तेव्हापासून तो या घरचा कोम्पाद्रे, म्हणजे लेकीचा धर्मबाप, आणि ओतिलिया त्याची कोमाद्रे; सख्ख्या भावापेक्षा काकणभर सरसच. 'तू दाखवशील ते घर घेऊ,' असा शब्द फेर्मिनने त्याला देऊन टाकला होता. बायकोला न विचारता, हे वेगळं सांगायला नको.

"आई, काय मिळालं तुला?" ओतिलियाने विचारलं.

"गवत," आई म्हणाली. "हिरवंगार. आणि एक कुत्रं माझ्यावर भुंकलं. त्याचं तेवढं मला कळलं."

ही सगळी युक्ती ओतिलियाची होती. घर बघायला गेलं की लोक नळ सोडून बघतात, भिंतीवर टिचक्या मारतात. ती तसलं काही करायची नाही. ती आईला कोपऱ्यावर उतरवायची, हातात पिशवी द्यायची आणि तीन कामं सांगायची. घेवड्याच्या आमटीत टाकायला एपासोतेचा पाला आणायचा, डाव्या बुटाची टाच ठोकून घ्यायची, आणि मिस्सा किती वाजता असते ते चर्चमध्ये विचारून यायचं. बरोबर कोणी जायचं नाही. आईला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. तीन कामं करून आई परत आली, तर ती वस्ती पास.

"ही कसली परीक्षा?" फेर्मिन वैतागायचा. "घर आपण घेतोय की तुझी आई?"

"दिवसभर घरात कोण असणार? तू का मी?"

फेर्मिन सरोवराकाठच्या एका उंच इमारतीची देखभाल करायचा, आणि त्या नोकरीबरोबर मिळालेल्या तळघरात ही तिघं अकरा वर्षं राहत होती. लेक नर्सिंग शिकायला दुसऱ्या गावी. ओतिलिया हॉटेलच्या धुलाईघरात दिवसभर चादरींच्या घड्या घालायची. आणि आई, मेक्सिकोतल्या मिचोआकानच्या डोंगरातल्या गावात जिचा आवाज नदीपलीकडे ऐकू जायचा ती दोन्या पेत्रा, म्हणजे पेत्राबाई, तळघराच्या खिडकीतून येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय बघत बसायची. आधी ती त्या पायांना नावं ठेवायची, त्यांच्यावरून गोष्टी रचून सांगायची. मग गोष्टी थांबल्या. या वर्षी तर हवं-नकोसुद्धा मानेनेच. डॉक्टरांनी कान तपासले, घसा तपासला, म्हणाले, काही झालेलं नाही. ओतिलियाला ठाऊक होतं काय झालंय ते. बोलायला माणूसच नाही, तर बाई बोलणार कोणाशी? आई एक दिवस कायमची गप्प होईल आणि आपण त्या दिवशीही चादरींच्याच घड्या घालत असू, ही भीती तिला सोडत नव्हती.

म्हणून पोलिसांच्या गाडीतून उतरून आईने कुत्र्यावर टोमणा मारला, तेव्हा ओतिलियाला खरं तर आनंदच झाला. निदान बोलली तरी!

पुढच्या शनिवारी पिल्सन, शहरातली जुनी मेक्सिकन वस्ती. तिथे भिंतीभिंतींवर मक्याची कणसं आणि पदर घेतलेल्या बायका रंगवलेल्या. ओतिलियाला वाटलं, हेच ते. पण आई अर्ध्या तासात परतली, हातात कागदी पेल्यात कॉफी.

"बुटाचं दुकान होतं, तिथं आता ही कॉफी विकतात," ती म्हणाली. "पोरगी आपल्या तोंडवळ्याची. गळ्यात ग्वादालुपेच्या मेरीमाउलीचं पदक. मी म्हटलं, बाई, एपासोते कुठं मिळेल? तर लाजून लाल झाली. तिला आपली भाषा येत नाही गं. रडकुंडीला आली बिचारी, आणि ही कॉफी फुकट दिली."

"आणि किमती ऐकल्यात तर तुम्हीही रडकुंडीला याल," बाल्दोमेरो म्हणाला.

परतीच्या वाटेवर आई एक शब्द बोलली नाही.

तिसऱ्या आठवड्यात फेर्मिनने निर्वाणीचं सांगितलं. त्या पहिल्या, गवतवाल्या घराच्या मालकाला शनिवारी पाचपर्यंत उत्तर हवं होतं. "पाचपर्यंत तुझं काय ते बघ. नाहीतर पाच वाजता मी हो म्हणणार."

"तुला त्या गवतात एवढं काय दिसतं रे?"

फेर्मिन म्हणाला, "अकरा वर्षं मी दुसऱ्यांचे जिने पुसतोय. मला माझ्या दारात उभं राहायचंय. आणि मी उभा असताना कोणी येऊन विचारायला नको, की बाबा, तू इथं कामाला आहेस का. पुन्हा आपल्याच गर्दीत जाऊन पडायचं, तर मग एवढी हाडं कशाला झिजवली?"

ओतिलियाला त्याचं दुःख कळत होतं. ते खोटं नव्हतं, म्हणून तर भांडता येईना.

तिने ब्रायटन पार्क या वस्तीतलं एक घर हेरून ठेवलं होतं. बसमधून 'विकणे आहे'ची पाटी दिसली होती. लाल विटांचं बैठं घर, पुढे चार पायऱ्या, मागच्या बाजूने मालगाड्यांचा रूळ. बाल्दोमेरोने नाक मुरडलं.

"कोमाद्रे, या घराची किंमत पुढची दहा वर्षं वाढायची नाही. आणि ती गाडी ऐकलीत ना? ताटल्या हलतील कपाटातल्या."

"हलू देत," ओतिलिया म्हणाली, आणि तिने आईच्या हातात पिशवी दिली. तेव्हा दोन वाजले होते.

तीन वाजले. आई आली नाही. गाडीत बसून तिघांनी एकमेकांकडे बघणं टाळलं. साडेतीनला ओतिलिया उतरली. पावणेचारपर्यंत ती रस्त्याच्या दोन्ही टोकांना जाऊन बघून आली. ही कसली बुद्धी सुचली मला? शहात्तर वर्षांच्या बाईला परीक्षेला बसवलं! तिने स्वतःला मनातल्या मनात शिव्या घातल्या आणि ती कोपऱ्यावरच्या भाजीच्या दुकानात शिरली. मागोमाग हे दोघे.

"काळ्या शालीतली म्हातारी?" दुकानदार म्हणाला. "तुमची आहे का ती? अहो, घ्या की सांभाळून! माझ्या एपासोतेला शिळा म्हणाली. चार गिऱ्हाइकांसमोर! वरून घेवडा कसा शिजवायचा ते माझ्या बायकोला शिकवून गेली."

"गेली कुठं पण?"

"टाच ठोकायला. तो बघा समोर."

चांभार तोंडात खिळे धरूनच हसला. त्यालाही तिने झापलं होतं, खिळा तिरका बसला म्हणून. तिथून ती चर्चला गेली. चर्चच्या दारात झाडणाऱ्या माणसाने सांगितलं, मिस्साच्या वेळा विचारल्या आणि 'सहाची पहाटेची का नाही' म्हणून वाद घालून गेली. ओतिलियाला हसावं की रडावं कळेना. फेर्मिन घामाघूम झाला होता. बाल्दोमेरो सारखा घड्याळ बघत होता.

"पण ती गेली कुठं?" आता फेर्मिनच ओरडला.

झाडणाऱ्याने हात केला. "त्या गल्लीत. दारावर काळी फीत बांधलीय ना, त्या घराकडं बघत उभी होती."

त्या घराच्या जवळ पोचण्याआधीच ओतिलिया जागच्या जागी थांबली. उघड्या खिडकीतून आवाज येत होता. भरदार, खणखणीत, शेवटचा शब्द लांबवणारा. तो तिने अकरा वर्षांत ऐकला नव्हता. गावात कोणी गेलं की लोक आधी दोन्या पेत्राला बोलवायचे, मग शवपेटीवाल्याला. मयताच्या मागे नऊ दिवस जपमाळ म्हणायची, तर ती सांगणारी बाई लागते. पुस्तकात बघून ते होत नाही. कुठे थांबायचं, कुठे सूर वर न्यायचा, कुठे रडणाऱ्यांना रडू द्यायचं, हे सगळं तिला तोंडपाठ होतं. काळी फीत दिसली की आत जायचं, ओळख असो वा नसो, हेही.

आत वीसेक माणसं गुडघ्यांवर होती. भिंतीशी एका म्हाताऱ्याचा फोटो, पुढे मेणबत्त्या, पांढरी फुलं. एका पोरीच्या हातात मोबाईल होता, त्यात बघून ती आतापर्यंत अडखळत वाचत असणार. आता तो बाजूला पडला होता. मधोमध आई बसली होती, पाठ ताठ, बोटांत कोणाची तरी जपमाळ. ती एकेका संताचं नाव घ्यायची आणि सगळं घर म्हणायचं, "त्याच्यासाठी विनंती कर."

ओतिलिया दारातच गुडघ्यांवर बसली. तिच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि ती त्या पुसत नव्हती. बाल्दोमेरोचा फोन थरथरला. पाचला दहा कमी होते. त्याने फोनकडे बघितलं, आईकडे बघितलं, फोन खिशात टाकला, आणि आपला महागाचा सूट विसरून तोही फरशीवर टेकला. गिऱ्हाइकांसमोर नेहमी इंग्रजी झाडणारा हा गडी, "त्याच्यासाठी विनंती कर" म्हणताना सगळ्यांत मोठ्याने म्हणत होता.

फेर्मिन मात्र उंबऱ्याबाहेर टोपी चुरगाळत उभा होता. आतल्या एका माणसाचं त्याच्याकडे लक्ष गेलं. तो उठून आला.

"तुम्ही कुणाचे?" त्याने हळूच विचारलं.

फेर्मिनने आत आईकडे बोट दाखवलं. "त्या बाईंचा जावई."

"मग बाहेर काय उभे राहता? या, या!" म्हणत त्याने खुर्ची ओढून दिली. "दोन्यांचे जावई आलेत, जागा करा रे!"

आणि बसलेली माणसं खरोखर सरकली.

प्रार्थना संपली. कॉफी आली, गोड पाव आले. मयताची विधवा उठून आईजवळ आली आणि तिने आईचे दोन्ही हात धरले. "चार दिवस झाले, पण आज पहिल्यांदा वाटलं, माझ्या माणसाला नीट निरोप मिळतोय. तुम्ही कुठून आलात हो? आधी कधी बघितलं नाही तुम्हाला."

आईने हातातला पाव कॉफीत बुडवला. अगदी सहज म्हणाली, "मी? मी शेजारचीच. ते लाल विटांचं, पाटीवालं घर आहे ना, ते आमचं. उद्या येते याच वेळेला. नऊ दिवस पुरे करायला नकोत का?"

ओतिलियाने हातातला पाव खाली ठेवला. तिने नवऱ्याकडे बघितलं. मयताच्या घरात दिलेला शब्द! तो कसा खोटा पाडणार?

फेर्मिनने चुरगाळलेली टोपी गुडघ्यावर नीट सरळ केली. मग त्याने कोम्पाद्रेला कोपराने ढोसलं. "ऐकलंस ना? सासूबाईंनी घर घेतलंय. जा, फोन कर."

"गवतवाल्याला काय सांगू?"

"सांग, आमच्या म्हातारीशी तिथं कुत्र्याशिवाय कोणी बोललं नाही."

बाल्दोमेरो हसत बाहेर गेला. व्यवहारातला त्याचा मोठा वाटा आत्ताच हातचा गेला होता, पण ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत नव्हतं. परत आला तेव्हा त्याने अंगठा वर केला, आणि ओतिलियाने भर मयताच्या घरात नवऱ्याला मिठी मारली. कोणी वाईट वाटून घेतलं नाही. उलट एका बाईने तिला विचारलं, "झाडं लावणार का हो, शेजारीण? माझ्याकडे रोपं आहेत."

परतताना गाडीत ओतिलियाने मागे वळून विचारलं, "आई, खरं सांग, आवडलं ना घर?"

आईने तोंड उघडलं. नुसता खरखर असा वारा बाहेर आला. तिने घसा खाकरला, पुन्हा प्रयत्न केला. काही नाही. बोलून बोलून तिचा आवाज पार बसला होता. तिने हाताने खूण केली, उद्या सांगते, आणि खिडकीला डोकं टेकून ती समाधानाने झोपी गेली.